चिमूर १९४२: साक्ष कोणाची, आणि ती सांगायची कोणी? एका माहितीपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

चिमूरच्या १९४२ च्या उठावाला ८० वर्षं होत होती, तेव्हा एका लहान चमूने त्यावर २४ मिनिटांचा माहितीपट केला. दिग्दर्शिका, छायाचित्रकार, संकलक आणि संशोधनाचं काम पाहणारा मी, एवढेच आम्ही. पुढे ज्यांची गोष्ट येते त्यांची ओळख पटू नये म्हणून नाती, वयं, घरांच्या जागा असे तपशील बदलले आहेत. १९४२ मधल्या घटना मात्र जशा घडल्या तशाच आहेत.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले, हे शाळेत सगळेच शिकतात. चिमूरपर्यंत पाठ्यपुस्तक सहसा पोचत नाही. तेव्हा ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात होतं. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी त्या मुलखातली गावं आधीच जागी झालेली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, प्रभातफेरी निघाली. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला. मग जमाव कोणाच्या हातात राहिला नाही. डाक बंगल्याला आग लागली. उपविभागीय दंडाधिकारी, नायब तहसीलदार आणि पोलीस जमावाकडून मारले गेले. झाडं आडवी टाकून रस्ते अडवले गेले आणि काही दिवस चिमुरात सरकार नावाची गोष्ट उरली नाही. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, तिथेही दोन्ही बाजूंची माणसं मेली. त्यामुळे इतिहासात ‘आष्टी-चिमूर’ हे नाव जोडीनेच येतं.

१९ ऑगस्टला सैन्य आलं. गावातले कर्ते पुरुष एकतर पकडले गेले किंवा जंगलात निघून गेले. घरात बायका, म्हातारी माणसं आणि लेकरं राहिली. पुढच्या दिवसांत घरं लुटली गेली आणि बायकांवर अत्याचार झाले. नागपूरहून गेलेल्या महिलांनी त्यांच्या तक्रारी ऐकून घेतल्या. प्रांतात तेव्हा निवडून आलेलं मंत्रिमंडळ नव्हतं, गव्हर्नर सर हेन्री ट्वायनम यांचा कारभार होता, आणि त्या सरकारने चौकशीला नकार दिला. सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी या चौकशीसाठीच उपोषण केलं. त्याच्या बातम्या छापायला बंदी आली, तेव्हा जानेवारी १९४३ मध्ये अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंक न काढून निषेध केला. ६३ दिवसांचं ते उपोषण १२ जानेवारी १९४३ रोजी सुटलं. बातम्यांवरची बंदी उठली, पण बायका मागत होत्या ती स्वतंत्र चौकशी झाली नाही.

उठावाचे खटले मात्र चालले. अनेकांना फाशीची शिक्षा झाली. गांधीजींची निवेदनं, नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळे यांची धडपड, देशभरातून आलेले दयेचे अर्ज, या सगळ्यानंतर १९४५ मध्ये राहिलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या.

म्हणजे उठाव करणाऱ्यांचा न्यायनिवाडा झाला. बायकांवर जे झालं त्याचा झालाच नाही. माहितीपट याच जागेवर उभा करायचा, असं दिग्दर्शिकेने पहिल्या बैठकीत ठरवलं होतं आणि मला ते तेव्हाही पटलं होतं.

पैसे थोडे होते. काही आमच्या खिशातले, काही मित्रांकडून आणि मोठा वाटा परिसरातल्या एका स्मारक समितीचा, तोही दोन हप्त्यांत. १६ ऑगस्टच्या कार्यक्रमात माहितीपट दाखवायचा, ही समितीची अपेक्षा.

अडचण कुठे आली

पहिली अडचण चित्रांची. त्या दिवसांचं चिमूरमधलं एकही चलतचित्र आम्हाला मिळालं नाही. मुंबईतल्या लाठीमाराची जुनी दृश्यं सहज मिळतात आणि बहुतेक लोक तीच लावून मोकळे होतात. आम्ही ती लावली नाहीत. चिमूरचं नाव घेऊन मुंबईचा रस्ता दाखवला की प्रेक्षकाला फसवणं सुरू होतं, आणि ज्या माहितीपटात पुढे अत्याचाराबद्दल बोलायचं आहे त्याला ही सवलत घेता येत नाही. आजचं गाव, आजचे रस्ते, कागदपत्रं आणि माणसांचे चेहरे यांवरच भागवायचं ठरलं. यावर वाद झाला नाही.

खरी अडचण एका आजीच्या मुलाखतीतून उभी राहिली.

आजी १९४२ मध्ये सात-आठ वर्षांच्या. त्यांच्याशी बोलायचं होतं ते सैन्य आलं त्या दिवसाबद्दल, वडील कसे पळाले, घरात काय उरलं, याबद्दल. ओसरीवर मुलाखत चालू होती, नातू बाजूला बसला होता. दिग्दर्शिकेने विचारलं, पुरुष गेल्यावर रात्री कुठे झोपायचात? त्यावर आजींनी आपल्या काकूची हकीकत सांगायला सुरुवात केली. नाव घेऊन, घर कुठे होतं ते सांगून, त्या रात्री काय झालं ते आणि नंतर काकू किती वर्षं कोणाशी बोलली नाही तेही. कॅमेरा चालू होता. थांबवावा असं कोणाला वाटलं नाही. आणि त्या क्षणी थांबवणं म्हणजे आजींना गप्प बसवणंच झालं असतं, असं मला आजही वाटतं. बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, “तिले कोनी इचारलं नाही. तुमी इचारलं तं सांगून टाकलं.”

संमतिपत्रावर आजींची सही होती. पहिली जुळणी, म्हणजे दृश्यं क्रमाने लावलेली कच्ची प्रत, या मुलाखतीभोवतीच झाली. संकलकाने ती माहितीपटाच्या मध्यावर, जवळजवळ अखंड ठेवली. पाहणारे हलून जात होते.

काही आठवड्यांनी नातवाचा फोन आला. “मॅडम, आजी बोलली ते आमच्या घराचं नाही. ते दुसऱ्याच्या घराचं आहे. काढून टाका.”

काकूची नातवंडं त्याच तालुक्यात राहतात. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. नातवाला भीती वाटत होती ती कायद्याची नव्हती, येण्याजाण्याची होती. सोयरिकी, लग्नकार्यं, शेताचा बांध, सगळं त्याच माणसांशी. दुसरीकडे आजी आपल्या शब्दावर ठाम. त्यांच्या दृष्टीने ८० वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं.

त्याच सुमारास समितीच्या दोन ज्येष्ठांनी कच्ची प्रत पाहिली आणि दोन गोष्टी काढायला सांगितल्या. एक, बायकांवरच्या अत्याचाराचा भाग, कारण त्याने गावाची बदनामी होते. दुसरं, मारल्या गेलेल्या अधिकाऱ्यांचा उल्लेख, कारण त्याने हुतात्म्यांच्या कामाला डाग लागतो. दोन वेगवेगळ्या दिशांनी एकाच भागावर कात्री येत होती, आणि नातवाचं म्हणणं व समितीचं म्हणणं एकच आहे असं समजण्याचा मोह मोठा होता. तसं समजलं असतं तर एकतर दोघांनाही झुगारलं असतं किंवा दोघांपुढेही वाकलो असतो. त्यांना वेगळं ठेवणं हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता. नातू एका विशिष्ट घराच्या वतीने बोलत होता. समिती गावाच्या नावाने बोलत होती, पण ज्या बायकांबद्दल बोलत होती त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी ती गेली नव्हती.

कोणते पर्याय होते

मुलाखत आहे तशी ठेवणं हा पहिला. संकलक याच बाजूचा होता. संमती आहे, बोलणारी बाई सज्ञान आहे, ठाम आहे. तिला आता गप्प करणं म्हणजे १९४२ मध्ये जे झालं तेच पुन्हा करणं. हा युक्तिवाद हलका नव्हता. दिग्दर्शिका बरेच दिवस त्याच्या जवळ होती.

चेहरा पुसून, आवाज बदलून ठेवणं हा दुसरा. बाहेरून सल्ला विचारला त्या बहुतेकांनी हाच सांगितला. आम्ही तो करूनही पाहिला. मग छायाचित्रकाराने एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली: हा माहितीपट पुण्यात पाहिला तर आजी कोण ते कोणाला कळणार नाही, पण पुण्यातल्या माणसापासून त्यांना काय लपवायचं आहे? गावात ती ओसरी, तो दरवाजा, बोलण्याची ढब, “आमच्या काकूचं घर विहिरीपाशी” हे एक वाक्य, एवढं पुरेसं होतं. ज्यांच्यापासून ओळख झाकायची त्यांच्यापासून ती झाकली जात नव्हती, आणि ज्यांना ओळख कळून काही बिघडणार नव्हतं त्यांच्यापासूनच झाकली जात होती. लहान गावात चेहरा पुसण्याला अर्थ नसतो. उलट पुसलेला चेहरा पाहिला की गाव शोध घ्यायला लागतं.

तिसरा पर्याय होता आजींचे शब्द एखाद्या अभिनेत्रीच्या आवाजात देणं. आजींनी तो तिथल्या तिथे नाकारला. माझी गोष्ट दुसरीने का सांगायची, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

चौथा, तो प्रसंगच वगळून तिथे काळा पडदा ठेवणं. हा माझ्या मते सगळ्यात वाईट. तो दिसतो गंभीर, पण प्रेक्षकाला काहीच सांगत नाही आणि समितीला हवं तेच करून देतो.

कायद्याचं काय, हे एका वकील मैत्रिणीला विचारलं. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करायला भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ ने मनाई होती (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे). सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात २०१८ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं: स्त्री हयात नसली आणि जवळच्या नातेवाइकांची परवानगी असली, तरी ओळख जाहीर करू नये, तशी खास गरजच असेल तर तो निर्णय सत्र न्यायाधीशांनी घ्यावा. चिमूरच्या त्या प्रसंगाची कधी फिर्यादच नोंदली गेली नाही, मग हे कलम इथे कितपत लागू होईल यावर वकील बाईंनी ठाम मत दिलं नाही. पण त्यांनी एक मुद्दा मांडला तो आम्हाला दिशा देणारा ठरला. आजींनी सही केली ती स्वतःच्या बोलण्यापुरती. काकूची ओळख देण्याचा अधिकार त्या सहीत नव्हता, कारण तो आजींकडेच नव्हता. नातू फोनवर नेमकं हेच म्हणाला होता.

काय केलं

दिग्दर्शिका कॅमेऱ्याशिवाय, एकटी, पुन्हा गावात गेली. आधी आजींशी बोलली, मग घरच्यांशी, मग आजी असतानाच सगळ्यांशी. हा क्रम मुद्दाम ठेवला होता. घरच्यांसमोर आजी पहिल्यांदा बोलल्या असत्या तर त्या त्यांच्या मर्जीने बोलल्या की दबावाने, हे आम्हाला कळलं नसतं.

आजींचं म्हणणं बदललं नाही. पण त्या बोलण्यात एक गोष्ट स्पष्ट झाली: काकूचं नाव लोकांना कळावं असा त्यांचा हट्ट नव्हता. “झालं होतं, खोटं नव्हतं” हे कुठेतरी पक्कं नोंदलं जावं, हा होता. तिथून वाट निघाली.

काकूची हकीकत पूर्ण काढली. आजींची मुलाखत ठेवली, त्यांच्या चेहऱ्यासकट आणि आवाजासकट, पण फक्त त्यांनी स्वतः पाहिलेलं, स्वतः भोगलेलं. आई त्यांना धान्याच्या कणगीमागे बसवायची ते. बुटांचा आवाज ऐकला की धाकट्या भावाच्या तोंडावर हात ठेवायचा ते. आणि एक वाक्य, जे कोणत्याही एका घराकडे बोट दाखवत नव्हतं: “गावात मानसं नव्हती. बाया होत्या, लेकरं होती, आन् ते होते.”

त्यानंतर लगेच कागद. नागपूरच्या महिलांची भेट, चौकशीची मागणी, नकार, भन्साळींचं उपोषण, बातम्यांवरची बंदी, अंक न काढलेली वृत्तपत्रं. हे सगळं आमच्याकडे पहिल्या जुळणीतही होतं, पण आजींच्या साक्षीपुढे ते दोन मिनिटांत उरकलं होतं. आता तो भाग जवळजवळ सात मिनिटांचा झाला. यात एक फरक पडला. पहिल्या जुळणीत प्रेक्षक एका बाईच्या दुःखाने हलत होता; या जुळणीत त्याला प्रश्न पडत होता की सरकारने चौकशी का नाकारली आणि तो नकार छापूही का दिला नाही. पहिली जुळणी अधिक प्रभावी होती, हे संकलक आजही म्हणतो. मला दुसरी अधिक खरी वाटते. अत्याचार झाले हे सिद्ध करण्याचं ओझं एका म्हाताऱ्या बाईच्या ओसरीवरून उचलून जिथे असायला हवं तिथे, सरकारी दप्तरावर, ठेवलं गेलं.

अधिकाऱ्यांच्या मृत्यूवर दिग्दर्शिकेने माघार घेतली नाही. सरकारी कागदांत हे मृत्यू ठळक आहेत आणि बायका जवळजवळ नाहीत. गावच्या सार्वजनिक आठवणीत बालाजी आणि फाशीची शिक्षा झालेले आहेत, पण अधिकारी नाहीत आणि बायकाही नाहीत. दोन्हीकडे वगळल्या गेलेल्या कोणी असतील तर त्या बायकाच. एका बाजूचे मृत्यू गाळून आम्ही दुसऱ्या बाजूला “तुम्ही आमच्या बायका का गाळल्या” असं विचारू शकत नव्हतो. शेवटी पडद्यावर १६ ऑगस्टला मेलेल्यांचा उल्लेख एकत्र आला: गोळीबारात मेलेले आणि जमावाने मारलेले. कोण कसा मेला हे स्पष्ट लिहिलं. दोघांना एका पारड्यात तोललं नाही. गोळी झाडण्याचा हुकूम कोणाचा होता, राज्य कोणाचं होतं, हे माहितीपटात आधीच पुरेसं आलं होतं.

समितीला बदललेली प्रत दाखवली. आजींच्या घराचा प्रश्न कसा सोडवला तेही सांगितलं. त्यांनी बायकांच्या भागावरचा आक्षेप मागे घेतला, अधिकाऱ्यांवरचा घेतला नाही. दुसरा हप्ता आला नाही.

परिणाम

१६ ऑगस्टच्या कार्यक्रमात माहितीपट दाखवला गेला नाही. काही दिवसांनी एका शाळेच्या सभागृहात दाखवला. पुरुष पुढे बसले, बायका मागे. नंतरच्या चर्चेत एका तरुणाने विचारलं, अधिकारी इंग्रजांचे नोकर होते, त्यांचा उल्लेख कशाला? त्याला आम्ही उत्तर देण्याआधीच गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी दिलं. मारणारेही आपले होते आणि मेलेलेही मराठी बोलणारे होते, हे मुलांना कळलं तर त्यांना त्या दिवसाचा राग किती मोठा होता तेही कळेल, असा त्यांचा सूर होता. तरुणाला ते पटलं असं वाटलं नाही. चर्चा तिथेच सुटली.

बायका चर्चेत बोलल्या नाहीत. सभागृह रिकामं होत असताना दोघी-तिघी दिग्दर्शिकेपाशी थांबल्या. एकीने विचारलं, नागपूरच्या बायकांनी तक्रारी लिहून घेतल्या तर ते कागद कुठे आहेत, पाहता येतात का? माहितीपटातून असा प्रश्न यावा हेच आम्हाला हवं होतं. नातवाच्या घराला किंवा काकूच्या नातवंडांना काही त्रास झाल्याचं कानावर आलं नाही.

आजी सभागृहात आल्या नाहीत. त्यांना घरी लॅपटॉपवर दाखवला. पाहून झाल्यावर म्हणाल्या, “माही अर्धीच गोठ ठेवली तुमी.” त्या रागावल्या नव्हत्या, पण समाधानीही नव्हत्या. त्यांच्या मताने आम्ही नातवाचं ऐकलं. हा या प्रकरणाचा परिणाम आहे आणि तो चांगल्या परिणामांच्या यादीत बसवता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

संमती एकदाच, मुलाखतीच्या दिवशी घेतली गेली. अशा विषयात ती दोनदा घ्यायला हवी: बोलण्याआधी एकदा आणि जुळणी दाखवल्यावर एकदा. दुसऱ्या वेळी सही नाकारण्याचा हक्क पहिल्याच कागदावर लिहिलेला असावा. त्याहून उपयोगी एक प्रश्न आहे, जो मुलाखत संपताच विचारता येतो: तुम्ही सांगितलंत ते आणखी कोणाकोणाचं आहे? हा प्रश्न त्या ओसरीवरच विचारला असता तर काकूची नातवंडं तेव्हाच समोर आली असती, माहितीपट तयार होत आल्यावर नव्हे.

ओसरीवर त्या वेळी आजींखेरीज एक बाई आणि तीन-चार पुरुष होते, नातू धरून. आजी तरीही बोलल्या. ज्या बोलल्या नाहीत अशा किती होत्या, याचा हिशेब लागणार नाही. १९४२ मध्ये नागपूरहून चौकशीला बायका गेल्या होत्या, यातच उत्तर होतं. कॅमेरा तिवईवर लावून पुरुषांनी बाहेर थांबणं हे तांत्रिकदृष्ट्या अगदी शक्य होतं.

काकूच्या नातवंडांशी आम्ही थेट बोललो नाही. बोलायला हवं होतं का, यावर चमूत आजही एकमत नाही. बोलायला गेलं की न सांगितलेलं सांगावं लागतं. न बोलता ठरवलं की त्यांच्या वतीने आपण ठरवतो. मी न बोलण्याच्या बाजूचा आहे. दिग्दर्शिका आता तितकी खात्रीने तसं म्हणत नाही.

समितीशी करार तोंडी होता. जुळणीवरचा शेवटचा शब्द कोणाचा, हे पहिला हप्ता घेण्याआधी लिहून घेतलं असतं तर पैसे कदाचित तेव्हाच नाकारावे लागले असते, पण ते आधी कळलं असतं. मारल्या गेलेल्या अधिकाऱ्यांच्या घरच्यांचा शोधही कोणी घेतला नाही. पडद्यावर त्यांचा मृत्यू आला, माणूस आला नाही.

राहिला काढलेल्या मुलाखतीचा प्रश्न. ती पुसायची नाही, यावर आजी आणि घरचे दोघेही राजी झाले. आजींच्या मृत्यूनंतर २५ वर्षं कोणी पाहायची नाही, असं दोन्ही बाजूंच्या सह्यांनी लिहिलं. इतक्या वर्षांची अट घालून ध्वनिचित्रफीत ठेवून घेणारी जागा शोधली, तेव्हा विचारलं त्या ग्रंथालयाकडे तशी सोयच नव्हती. सध्या एक प्रत दिग्दर्शिकेकडे आहे, एक वकील मैत्रिणीकडे, सोबत अटींचा कागद. हार्ड डिस्क २५ वर्षं टिकत नाही. दर काही वर्षांनी ती नव्या डिस्कवर उतरवण्याची जबाबदारी कोणाची, आणि ती व्यक्ती नसेल तेव्हा कोणाची, हे त्या कागदावर अजून लिहायचं आहे.